बेटेगावचा रस्ता कोणासाठी?

सकाळी साडेसहाच्या सुमारास बेटेगावच्या नाक्यावर उभे राहिले की पालघर जिल्ह्याचे सारे अर्थकारण डोळ्यांपुढून जाते. बोईसरहून चिल्हार फाट्याकडे आणि चिल्हारहून बोईसरकडे ट्रेलर, टँकर आणि खडीने भरलेले डंपर यांची रांग लागलेली असते. त्यांच्यामधून वाट काढीत पहिल्या पाळीचे कामगार तारापूरच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेले असतात. त्याच वेळी दुसरा एक लोंढा बोईसर स्टेशनाकडे धावत असतो; त्याला विरार, अंधेरी, चर्चगेट गाठायचे असते. आणि रस्त्याच्या कडेला डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एखादी आदिवासी बाई, दोन वाहनांमध्ये फट कधी पडते याची वाट पाहत थांबलेली असते. रस्ता सगळ्यांचा आहे असे म्हणतात. पण जायचे कोणी आणि थांबायचे कोणी, हे त्या नाक्यावर रोज सकाळी ठरलेले असते.

बोईसर-चिल्हार हा रस्ता तसा लहान. मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग आणि तारापूरची औद्योगिक वसाहत यांना जोडणारा, पंधरा-वीस किलोमीटरांचा. पण औद्योगिक विकास महामंडळाच्या ताब्यातील या रस्त्याच्या चौपदरीकरणाचा प्रश्न केवळ बेटेगाव, मान, वारांगडे, नागझरी या गावांचा राहिलेला नाही. येत्या दहा-पंधरा वर्षांत सबंध जिल्ह्याचे जे होणार आहे त्याची लहानशी आवृत्ती येथे आधीच पाहावयास मिळते. म्हणून आम्ही या रस्त्याविषयी सविस्तर लिहीत आहोत.

एकाच पट्ट्यात सहा मार्ग

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही चिंचोळी पट्टी. दिल्ली, गुजरात आणि मुंबई यांना जोडणारा प्रत्येक मार्ग येथूनच जाणार, ही भूगोलाची सक्ती आहे. जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ८, आताचा ४८, येथून जातो. पश्चिम रेल्वेची मुख्य लाइन येथून जाते. मालगाड्यांसाठीचा स्वतंत्र लोहमार्ग येथूनच, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग येथूनच आणि १४ सप्टेंबर २०१७ रोजी भूमिपूजन झालेली मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनही येथूनच. त्या बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरांपैकी सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात आहेत. राज्यातील चार स्थानकांपैकी बोईसरचे स्थानक बेटेगावच्याच परिसरात उभे राहत आहे. यात वाढवण बंदराची भर पडली. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदरास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. बंदराला राष्ट्रीय महामार्गाशी जोडण्यासाठी सुमारे ३२ किलोमीटरांचा नवा रस्ता आखला गेला. आता तर बंदराभोवती 'चौथी मुंबई' वसविण्याची भाषा राज्यकर्ते करू लागले आहेत.

यातला प्रत्येक प्रकल्प स्वतंत्रपणे मांडला जातो. प्रत्येकाची नोटीस वेगळी, अधिकारी वेगळा, मोबदल्याचा दर वेगळा, ठेकेदार वेगळा. पण शेतकऱ्याचा सातबारा एकच असतो. एका प्रकल्पात दहा गुंठे गेले, दुसऱ्यात विहीर गेली, तिसऱ्यात उरलेल्या शेताकडे जाण्याची वाट गेली. आणि एकाही कार्यालयातील फाइलीत तो मनुष्य 'भूमिहीन झाला' अशी नोंद होत नाही. सर्व प्रकल्पांचा एकत्रित परिणाम एका गावावर, एका कुटुंबावर काय होतो हे मोजण्याची जबाबदारी आज कोणावरही नाही. आमच्या मते या सबंध प्रकरणातला पहिला अन्याय येथे आहे.

रस्ता नको, असे आम्ही म्हणत नाही

येथे एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. रस्ता हा जनतेचा शत्रू आहे अशी भूमिका घेणे भाबडेपणाचे होईल. याच जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर, रस्ता नाही म्हणून बाळंतिणीला डोलीत घालून न्यावे लागते. ज्याच्या पायाखाली वाट नाही त्याला रस्त्याचे मोल कळते. चाळीस वर्षांपूर्वी पावसाळ्यात ज्या गावांचा बोईसरशी संबंध तुटत असे, तेथील मुले आज महाविद्यालयात जातात ती या रस्त्यामुळेच. कामगाराला वेळेवर पाळीवर पोहोचायचे असते, शेतकऱ्याला भाजी बाजारात न्यायची असते. तेव्हा प्रश्न रस्ता हवा की नको हा नसून, तो कोणाच्या गरजेच्या मापाने बांधला जातो हा आहे.

आज हे माप मालवाहू गाडीचे आहे. रस्त्याची रुंदी, त्याची जाडी, वळणाची त्रिज्या, दुभाजकाची उंची हे सारे चाळीस टनी ट्रेलर कोठेही न थांबता कसा जाईल या हिशेबाने ठरते. त्याच रस्त्यावरून पायी चालणारा मजूर, सायकलवरचा कामगार, शाळेला निघालेली मुलगी यांचा हिशेब नंतर, आणि बहुधा एखादा बळी गेल्यावर, होतो. दुभाजक आला की गावाचे दोन भाग होतात. ज्या शेजाऱ्याकडे विस्तव मागायला जाता येत होते त्याच्याकडे जायला अर्धा किलोमीटर वळसा पडतो. म्हाताऱ्या माणसांना हा वळसा झेपत नाही. तरुण दुभाजकावरून उड्या मारतात आणि वर्तमानपत्रात 'पादचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे' अशी बातमी येते. निष्काळजी कोण, चालणारा की आखणी करणारा?

राष्ट्रीय महामार्गाची कहाणीही वेगळी नाही. तो आधी चौपदरी झाला, मग सहापदरी झाला आणि अलीकडे त्यावर काँक्रीटचा थर चढविण्याचे काम काढण्यात आले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा या महामार्गाच्या धोक्याच्या जागा सबंध देशाला कळल्या. त्याआधी आणि त्यानंतर त्याच महामार्गावर मरण पावलेल्या मोटारसायकलस्वारांची व पायी चालणारांची मोजदाद मात्र पोलीस ठाण्याच्या वहीतच राहिली.

जुलै २०२५ च्या अखेरीस घडलेली एक घटना आमच्या मनातून जात नाही. झाडाची फांदी पडून जखमी झालेल्या एका महिलेला पालघरहून मुंबईला हलविण्यात येत होते. पालघरमध्ये तिच्यावर उपचार करू शकेल असे सुसज्ज अपघात-उपचार केंद्र नव्हते. महामार्गावरील कोंडीत रुग्णवाहिका तासन्‌तास अडकली आणि मुंबई गाठण्यापूर्वीच तिचे प्राण गेले. त्यानंतर ऑक्टोबर महिन्यात सहलीहून परतणाऱ्या शेकडो शाळकरी मुलांच्या बसगाड्या वसईजवळ रात्रभर अडकून पडल्या. दोन्ही वेळी चर्चा झाली ती रस्त्याची: कोणी खड्डा केला, कोणी वाहतूक वळवली, ठेकेदारावर काय कारवाई झाली. ती आवश्यकच होती. पण त्या महिलेच्या मृत्यूतून निघणारा खरा प्रश्न कोणी विचारला नाही. अणुशक्ती केंद्र, शेकडो कारखाने आणि लाखो लोकवस्ती असलेल्या जिल्ह्यातील जखमी माणसाला शंभर किलोमीटरांवरील मुंबईला का न्यावे लागते? रस्ता रुंद केला म्हणजे इस्पितळ जवळ येत नाही. शाळा, इस्पितळ, कचेरी, कॉलेज आणि रोजगार यांच्या अभावाची भरपाई आपण रस्त्याकडून मागू लागलो आहोत, आणि कोणताही रस्ता, तो कितीही पदरी असो, ती करू शकणार नाही.

नोकऱ्यांचे आश्वासन

प्रत्येक भूसंपादनाच्या वेळी जमिनीच्या बदल्यात रोजगार, हे वचन ऐकू येते. या वचनाचा इतिहास तारापूर परिसराला पाठ आहे. १९६९ मध्ये तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले. सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली आणि तेथील लोकांना पुनर्वसनाच्या साध्या सोयींसाठी वर्षानुवर्षे न्यायालयाची पायरी चढावी लागली. देशाला वीज मिळाली, औषधे मिळाली, रंग आणि पोलाद मिळाले. ही मिळकत खोटी नाही. पण ज्यांच्या जमिनीवर हे उभे राहिले त्यांच्या वाट्याला काय आले? साफसफाई, हमाली, बागकाम आणि पहारा. तेही ठेकेदारामार्फत.

स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या द्याव्यात, पर्यवेक्षकाच्या श्रेणीत ५० टक्के द्याव्यात, असे राज्य शासनाचे धोरण आहे. २००८ च्या शासननिर्णयात ते पुन्हा स्पष्ट केलेले आहे. परंतु या निर्णयानुसार स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षे वास्तव्य असलेला. म्हणजे बेटेगावच्या कारखान्यात नागपूरचा मनुष्य स्थानिक ठरतो. नागपूरच्या माणसाविषयी आमची तक्रार नाही. त्यालाही पोट आहे. पण ज्याने शेत दिले त्याच्या मुलाला या धोरणातून कोणताही विशेष हक्क मिळत नाही, हे कार्यकर्त्यांनी लोकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. शिवाय कारखान्याच्या हजेरीपत्रकावर जे कायम कामगार असतात तेवढ्यांचाच हिशेब पुष्कळदा दाखविला जातो. ठेकेदाराच्या वहीतील माणसे त्यात येत नाहीत. अशा रीतीने धोरणही पाळले जाते आणि स्थानिक तरुण गेटाबाहेरही राहतो.

ठेकेदारी आता अपवाद राहिलेली नाही, ती पद्धतच झाली आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नावातच नियमन आणि उच्चाटन हे दोन शब्द होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांनी वीसऐवजी पन्नास कामगारांपर्यंतच्या ठेकेदाराला परवान्याच्या बंधनातून मोकळे केले आणि कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली. तारापूर परिसरातील असंख्य लहान-मध्यम कारखान्यांत याचा अर्थ सरळ आहे: आज कामावर असलेला मनुष्य उद्या असेलच याची हमी नाही. मूळ उत्पादनाच्या कामात कंत्राटी कामगार लावू नयेत असे नवी संहिता म्हणते खरी, पण त्या नियमाला अपवादांच्या इतक्या खिडक्या ठेवल्या आहेत की दरवाजा बंद असून काही बिघडत नाही.

आणि नोकरी मिळाली तरी ती सुरक्षित आहे काय? जानेवारी २०२० मध्ये कोळवडे येथील कारखान्यात झालेल्या स्फोटाचा हादरा कित्येक किलोमीटरांवर जाणवला. माणसे ढिगाऱ्याखाली मेली. ऑगस्ट २०२५ मध्ये बोईसरच्या एका औषध कारखान्यात वायुगळतीने चार कामगार दगावले. प्रत्येक वेळी चौकशी होते, मदत जाहीर होते आणि पुढच्या स्फोटापर्यंत शांतता पसरते. रसायनांनी भरलेले टँकर ज्या रस्त्याने गावातून जातात त्या रस्त्याला रुंदी देताना, अपघात झाल्यास गावाने कोठे पळावे याचा विचार नकाशात असतो काय?

वाढवण बंदराच्या मंजुरीसोबत सुमारे १० लाख लोकांना प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष रोजगार मिळण्याचा अंदाज सांगण्यात आला. 'अप्रत्यक्ष' हा शब्द नीट वाचला पाहिजे. चहाची टपरी, ढाबा, पंक्चरचे दुकान, भाड्याची खोली हे सारे त्यात येते. बंदर चालविणारी आधुनिक यंत्रे फार थोड्या माणसांवर चालतात. उलट ज्या समुद्रात बंदर उभे राहणार त्यावर मच्छीमार कुटुंबांचा आजचा, प्रत्यक्ष रोजगार अवलंबून आहे. हातातला रोजगार देऊन कागदावरचा घ्यायचा, हा सौदा मच्छीमार बंधूंनी नाकारला तर त्यांना विकासविरोधी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

चाकरमान्यांची ओढाताण

बोईसर, पालघर, सफाळे येथून हजारो लोक रोज मुंबईकडे जातात आणि तितक्याच ओढीने विरार-वसईहून हजारो कामगार बोईसरला येतात. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत उपनगरी लोकल सुरू झाली ती १६ एप्रिल २०१३ रोजी. तिची मागणी प्रवाशांनी किती वर्षे केली होती हे त्या वेळच्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. तरीही गाड्यांची संख्या अपुरी, कारण उपनगरी गाडी, लांब पल्ल्याची गाडी आणि मालगाडी यांना दोनच रूळ. विरार-डहाणू या सुमारे ६४ किलोमीटरांवर आणखी दोन रूळ टाकण्याच्या योजनेला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. काम मात्र मुंगीच्या पावलाने चालले आहे. त्याच पट्ट्यात बुलेट ट्रेनचे खांब मात्र झपाट्याने उभे राहताना लोकलच्या दरवाजात लटकणारा प्रवासी रोज पाहतो. कोणाचा वेळ मौल्यवान आहे, याचे उत्तर त्याला कोणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

मधू दंडवते १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले तेव्हा त्यांनी पहिले लक्ष दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांकडे दिले आणि त्यांवर फोमच्या गाद्या आणल्या. ती गोष्ट लहान दिसते. पण सार्वजनिक पैसा आधी कोणाच्या पाठीला सुख देण्यासाठी खर्च करावयाचा, याविषयीचा एक विचार तीत होता. आज तो विचार उलटा फिरला आहे.

रस्ते रुंद करून ही गर्दी हटेल, हाही भ्रम आहे. रस्ता वाढला की मोटारी वाढतात, मोटारी वाढल्या की पुन्हा रस्ता अपुरा पडतो. अमेरिकेतील ह्यूस्टन शहराने आपला एक महामार्ग काही ठिकाणी सव्वीस पदरांपर्यंत रुंद केला; थोड्याच वर्षांत कोंडी परत आली. उलट दक्षिण कोरियातील सेऊल शहराने २००३ ते २००५ या काळात शहराच्या मध्यातील उन्नत महामार्ग पाडून त्याखाली गाडलेला ओढा मोकळा केला, आणि शहर काही बंद पडले नाही. दहा मोटारींतील पंधरा माणसांना जेवढी जागा लागते तेवढ्या जागेत एका एस. टी. बसमधून पन्नास-साठ माणसे जातात. हे गणित चौथीच्या मुलाला कळते. पण पाळीच्या वेळांना धरून बोईसर-चिल्हार, बोईसर-मनोर, बोईसर-पालघर अशा पुरेशा बसगाड्या सोडाव्यात, या साध्या मागणीसाठी निवेदनांवर निवेदने द्यावी लागतात.

गाव कोठे जाते?

जमीन गेली की पैसा येतो. पैसा आला की मोटारसायकल येते, पक्के घर येते, लग्नाचा खर्च वाढतो. जमीन पिढ्यांची असते, पैसा तीन पावसाळ्यांचा. मोबदल्याची रक्कम सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याच्या खात्यात जमा होते. त्या शेतात आयुष्यभर भात लावलेल्या त्याच्या बायकोला, बहिणीला, वाट्याने करणाऱ्या कुळाला, मजुराला त्यातले काही दिसत नाही. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीच्या हाती जाऊ नये म्हणून १९७४ मध्ये राज्याने कडक कायदे केले. ज्या वारली शेतकऱ्यांनी १९४५ नंतर गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी मोडली, ज्यांच्या पुढच्या पिढीने १९७० च्या भूमुक्ती आंदोलनानंतर काळूराम धोदडे यांच्यासोबत भूमिसेना उभारून सावकाराच्या ताब्यातील जमिनी परत मिळविल्या, त्यांच्या नातवंडांच्या जमिनी आता कोणी सावकार घेत नाही. त्या राजपत्रातील एका अधिसूचनेने जातात. खाजगी खरेदीदारापासून कायद्याने जे वाचविले ते सार्वजनिक प्रयोजनाच्या वाटेने जात आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती या दोन मोठ्या गोष्टी दिल्या. पण राष्ट्रीय महामार्गांचा कायदा या तरतुदींच्या बाहेर ठेवण्यात आला. वाढीव मोबदला आणि पुनर्वसन तेवढे पुढे त्याला लागू झाले. म्हणजे किंमत वाढवून मिळेल, मत मात्र विचारले जाणार नाही. आमच्या दृष्टीने हा केवळ कायद्यातला दोष नाही. नागरिकाचा ग्राहक करण्याचा हा प्रकार आहे.

या जिल्ह्यानेच याहून वेगळी परंपराही पाहिली आहे. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्याने १९९८ मध्ये वाढवण बंदराचा प्रस्ताव फेटाळला. मच्छीमार, वारली, बागायतदार या सर्वांचे म्हणणे तेव्हा ऐकले गेले. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याच जागेच्या बंदराला संमती दिली. समुद्र तोच, गावे तीच. बदलले ते ऐकणाऱ्याचे कान.

गावाच्या कारभाराचेही असेच आहे. औद्योगिक वसाहतीभोवतीच्या गावांची लोकसंख्या शहरासारखी वाढली, पण कारभार ग्रामपंचायतींच्या तुटपुंज्या उत्पन्नावर चालत आला. चाळींतून दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा परप्रांतीय कामगार पाळीपाळीने झोपतात. कचरा, गटार, पाणी यांचा बोजा ग्रामपंचायतीवर. कारखान्यांचे निर्णय मात्र महामंडळाच्या कचेरीत. सूर्या धरणाचे पाणी शेतीसाठी म्हणून बांधले गेले. आज त्या नदीवरील प्रादेशिक योजनेतून दिवसाला ४० कोटी ३० लाख लिटर पाणी वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांसाठी राखलेले आहे. शहरातल्या माणसाला तहान नसते असे आम्ही म्हणत नाही. पण धरणाच्या पायथ्याशी हंडा घेऊन चालणारी बाई आणि तिच्या शेजारून जाणारी जलवाहिनी हे चित्र सुसंस्कृत राज्याला शोभणारे नाही.

या अस्वस्थतेतून परप्रांतीयांविरुद्ध बोट दाखविणारे पुढारी निर्माण होतात. कार्यकर्त्यांनी या मोहात पडता कामा नये. ओडिशाहून किंवा उत्तर प्रदेशातून आलेला मजूर स्थानिक तरुणाची नोकरी हिरावत नाही. ठेकेदार त्या दोघांनाही एकमेकांची भीती दाखवून स्वस्तात राबवितो. आज बेटेगावच्या खोलीत राहणारा तो मजूरही कोठेतरी जमीन गमावूनच आलेला असतो. ज्या दिवशी हे दोघे एका मागणीपत्रावर सह्या करतील त्या दिवशी ठेकेदाराच्या हातातले मुख्य शस्त्र गळून पडेल.

आमच्याही पदरात चूक आहे

दुसऱ्यांना प्रश्न विचारताना स्वतःला विचारणे आवश्यक आहे. गेली कित्येक वर्षे आपण मोर्चे काढले, निवेदने दिली, 'जमीन देणार नाही' अशा घोषणा दिल्या. ज्या गावांनी निर्धार टिकविला त्यांच्याविषयी आदरच आहे. पण पुष्कळ ठिकाणी आपण मोर्च्याच्या पुढे चाललो असता मागच्या दाराने दलाल गावात शिरला आणि एकेका घराशी वेगळा सौदा करून गेला. का? कारण ज्याला मुलीचे लग्न करायचे होते, ज्याला कर्ज फेडायचे होते, त्याच्या आजच्या अडचणीला आपल्याजवळ उत्तर नव्हते. नकाराचे राजकारण स्वाभिमानी असते. परंतु नकारासोबत पर्याय नसेल तर ते गरिबाला परवडत नाही. दुसरीकडे, 'प्रकल्प येणारच, मिळेल ते पदरात पाडून घ्या' म्हणणाऱ्यांनी गावाला याचक करून ठेवले. या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती अधिक कष्टाची आहे. धरणग्रस्तांच्या चळवळीने 'आधी पुनर्वसन, मगच धरण' अशी घोषणा दिली, तिचा रेटा वाढला आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राला पुनर्वसनाचा कायदा करावा लागला. त्या घोषणेचे बळ तिच्या क्रमात होते. आधी काय आणि मग काय, हे जनतेने ठरविले.

तोच क्रम आज रस्त्यांना लावला पाहिजे. आधी गाव, मग रस्ता.

याचा अर्थ काय, तो स्पष्ट सांगतो. पहिले, कोणत्याही रुंदीकरणाचा नकाशा काम सुरू होण्यापूर्वी मराठीत, गावाच्या चावडीवर लागला पाहिजे. पायी ओलांडण्याच्या जागा, भुयारी मार्ग, पदपथ, बसथांबे, दिवे आणि पावसाच्या पाण्याचा निचरा कोठे असेल हे ग्रामसभेने ठरवावे. आणि ही कामे रस्त्याच्या शेवटी नव्हे, आरंभी व्हावीत. शाळेच्या व पाळी बदलण्याच्या वेळी अवजड वाहनांना गावातून मज्जाव असावा. दुसरे, मोबदला पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा आणि कूळ, मजूर, टपरीवाला यांचाही त्यात वाटा मानावा. तिसरे, प्रत्येक कारखान्याने व ठेकेदाराने आपल्या कामगारांची गाव, काम आणि मजुरी यांसह यादी दर सहा महिन्यांनी ग्रामसभेपुढे ठेवावी. प्रकल्पग्रस्त घरातील मुलांचे प्रशिक्षण प्रकल्पाच्या पहिल्या दिवसापासून प्रकल्पाच्याच खर्चाने सुरू व्हावे. चौथे, विरार-डहाणूचे वाढीव रूळ आणि पाळीच्या वेळांच्या एस. टी. बसगाड्या यांना नव्या रस्त्यांच्या आधी पैसा मिळावा. पाचवे, पालघर व बोईसर येथे अपघात, भाजणे आणि विषारी वायू यांवर उपचार करणारी सुसज्ज रुग्णालये उभी राहावीत. त्यासाठी औद्योगिक वसाहतीने आपला वाटा उचलावा.

यातील एकही मागणी अशक्य नाही. यातील एकाही मागणीसाठी विकास थांबवावा लागत नाही. फक्त तो ज्यांच्या अंगावरून जातो त्यांना विचारून करावा लागतो.

हे काम मुंबईत बसून होणार नाही. बेटेगाव, मान, वारांगडे, नागझरी या गावांत प्रत्येकी पाच-सात कार्यकर्त्यांची तुकडी उभी राहिली पाहिजे. घरोघर जाऊन कोणाची किती जमीन, कोणत्या प्रकल्पात, कोणत्या दराने गेली. घरातला कोण कोठे, कोणाच्या हाताखाली, किती रोजावर काम करतो. रस्ता ओलांडताना आजवर कोण मेले, कोण जायबंदी झाले, याची वही त्यांनी तयार करावी. सरकारजवळ ही वही नाही, कारखानदाराजवळ नाही आणि खरे बोलायचे तर आपल्याजवळही नाही. ती तयार झाली की मागणीपत्र आपोआप तयार होईल, आणि त्याखालच्या सह्या कोणी मोडू शकणार नाही.

पाटी घेऊन थांबलेली ती बाई नाक्यावर अजून उभी आहे. तिला रस्ता ओलांडायचा आहे, एवढेच. ज्या विकासाला तिच्यासाठी दोन मिनिटे थांबता येत नाही, त्याचा वेग पाहून कौतुक करण्याचे काम आम्हाला जमणार नाही.